‘ओळखलंस का मला?’ हे विचारायचं नाही

डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, झालेल्या आईला भेटायला केअर सेंटरमध्ये गेलं की दारातच तोंडातून निघतं, ‘आई, ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?’ प्रेमानेच विचारतो आपण. पण जरा तिच्या बाजूने बघा. समोर कुणीतरी उभं आहे, चेहरा आपल्यातला वाटतोय, नाव मात्र आठवत नाही, आणि समोरचं माणूस उत्तरासाठी थांबलंय. शेजारी उभ्या असलेल्या, तिला सांभाळणाऱ्या सेंटरच्या मावशीही बघताहेत. आपलं काहीतरी चुकलं एवढं तिला नक्की कळतं. मग पुढची सगळी भेट त्या ओशाळलेपणात जाते. कधी त्याचाच राग होऊन बाहेर पडतो.

म्हणून नाव आपणच सांगायचं. समोरून यायचं, तीन-चार फुटांवर थांबायचं, तिने आपल्याकडे बघेपर्यंत वाट बघायची. या आजारात नजरेचा घेर आवळत जातो. बाजूने किंवा पाठीमागून येऊन एकदम खांद्यावर हात ठेवला तर ती दचकते, आणि दचकलेलं माणूस हात उगारतं. मग खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं आणि म्हणायचं, ‘आई, मी सुधा. तुझी धाकटी. भेटायला आलेय तुला.’ एवढं बोलून गप्प बसायचं. तिला शब्द पोचायला आणि उत्तर जुळवायला वेळ लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकतात आणि पहिल्याचं येऊ घातलेलं उत्तर तिथेच विरून जातं.

‘पण मी गेल्यावर पाच मिनिटांत ती विसरणार, मग जायचं कशाला?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. २०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, झालेल्या लोकांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी चित्रफितींचे तुकडे दाखवले. काही मिनिटांतच त्यांना काय पाहिलं ते फारसं सांगता येईना, पण त्यातून आलेली भावना मात्र बराच वेळ टिकून होती. म्हणजे भेट विसरली जाते, पण त्या भेटीने दिलेलं बरं किंवा वाईट वाटणं मागे राहतं. तुम्ही निघाल्यावर ती जेवायला शांत बसते की ताट सरकवते, हे त्यावर ठरतं. मावशींना विचारा, त्यांना हे पाठ असतं.

भेटीची वेळ नीट निवडावी. बहुतेकांना सकाळी दहा ते साडेअकरा हा काळ चांगला जातो. अंघोळ-नाश्ता झालेला असतो, दमणूक आलेली नसते. दुसरी बरी वेळ दुपारच्या झोपेनंतर चारच्या सुमारास. नोकरी करणारी माणसं संध्याकाळी साडेसहाला पोचतात, आणि नेमकी तीच वेळ वाईट. ऊन उतरलं की अस्वस्थपणा वाढणं या आजारात सर्रास दिसतं. दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड, लांबलेल्या सावल्या, बिघडलेलं शरीराचं घड्याळ अशी त्याची कारणं. मला वाटतं, आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. तिन्हीसांजेला घरी असायचं, दिवा लावायचा, मुलं परतली का बघायचं, कुकर चढवायचा, हे पन्नास-साठ वर्षं अंगात मुरलेलं असतं. मग ती दाराशी येरझाऱ्या घालते आणि ‘मुलं यायची झाली’ म्हणते, त्यात नवल काय? अंधार पडायच्या आधीच खोलीतले सगळे दिवे लावायला सांगा. बॅटरीवरचं निरांजन मिळतं, ते तिच्या हातात द्या आणि ‘शुभं करोति’ सुरू करा. कित्येकदा पुढचं ती स्वतः म्हणते.

महिन्यातून एकदा तीन तास जाण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास जाणं कितीतरी बरं. एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. चार जण बसले की ते आपापसात बोलू लागतात आणि जिला भेटायला आलो ती मधे बसून भिरभिर बघत राहते. नातवंडांना जरूर न्या, पण गाडीतच सांगून ठेवा की आजी एकच गोष्ट पाच वेळा विचारेल आणि पाचही वेळा तिला ती नवीनच असेल. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी एक कागद द्यायला हवा, आणि तो कुणीच देत नाही. तिच्या खास शब्दांचा कागद. आताच्या ऐंशीच्या पुढच्या बायका ‘टॉयलेटला जायचंय’ म्हणत नाहीत. ‘मोरीत जायचंय’, ‘परसाकडे’, ‘बाहेर जायचंय’ असं म्हणतात. सांभाळणारी मुलगी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिला ‘बाहेर जायचंय’ म्हणजे म्हातारीला पळून जायचंय असं वाटतं. ती दार लावून घेते, आजी दार ठोठावते, साडी ओली होते, आणि वहीत नोंद होते की पेशंट आक्रमक आहे. या सगळ्याला पुरी पडली असती ती दोन शब्दांची माहिती. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणीची उरते. चाळीस वर्षं मुंबईत प्रमाण मराठी बोललेला माणूस मालवणीवर किंवा वऱ्हाडीवर येतो. तेव्हा तुमच्या घरातले लघवी-संडासाचे, तहान-भुकेचे, दुखण्याचे दहा-बारा शब्द देवनागरीत आणि शेजारी हिंदीत लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. हाक कशी मारलेली आवडते तेही लिहा. आयुष्यभर ‘गुरुजी’ म्हणवून घेतलेल्या माणसाला ‘ए बाबा’ म्हटलं की तो जेवत नाही.

‘मला घरी जायचंय.’ हे वाक्य ऐकलं की मुलांच्या पोटात तुटतं. घाईघाईने आपण म्हणतो, ‘आई, हेच आता तुझं घर,’ किंवा ‘उद्या नेतो.’ पहिलं तिला पटत नाही. दुसरं खोटं आहे, आणि उद्याची वाट बघत ती पिशवी भरून बसते. खूपदा तिच्या मनातलं घर तुमचा फ्लॅट नसतोच. ते तिचं माहेर असतं, सत्तर वर्षांपूर्वीचं, विहिरीचं आणि पडवीचं. ज्यांनी आईला स्वतःच्या घरी ठेवलंय त्यांनाही ती रोज हेच म्हणते. तेव्हा त्या घराबद्दलच विचारा. ‘अंगणात काय होतं गं?’ ‘पाणी कुठून आणायचात?’ बोलता बोलता उठा, चार पावलं चाला. आणि आधी एवढं तपासून घ्या की तिला लघवीला तर लागली नाही ना, भूक नाही ना, थंडी वाजत नाही ना. ‘घरी जायचंय’चा अर्थ पुष्कळ वेळा ‘मला इथे आत्ता बरं वाटत नाहीये’ एवढाच असतो.

दुसरं अवघड वाक्य म्हणजे ‘हे अजून कसे आले नाहीत?’ वडील जाऊन अकरा वर्षं झाली असतील. दर वेळी ‘ते गेले ना आई’ सांगितलं तर ती दर वेळी ती बातमी पहिल्यांदाच ऐकते, आणि तिचं ते रडणं खरं असतं. हे करू नका. खोटी गोष्ट रचायचीही गरज नाही. ‘आठवण येतेय ना त्यांची? त्यांना चहा कसा लागायचा?’ इथून बोलणं पुढे नेता येतं. मात्र तिने अगदी शांतपणे, डोळ्यांत बघून ‘गेले का गं ते?’ असं सरळ विचारलं, तर हो म्हणावं आणि हात धरून बसावं. माझ्या मते तेवढा तिचा मान राखायलाच हवा.

प्रश्न कमी आणि हाताला काम जास्त, असं ठेवलं की भेट चांगली होते. सकाळी काय खाल्लं, काल कोण आलं होतं, हे विचारूच नका. ताज्या आठवणी साठवण्याचं काम मेंदूतल्या ज्या भागाचं, तो हिप्पोकॅम्पस अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच झिजतो. हाताला लागलेल्या सवयी मेंदूच्या वेगळ्या भागांत असतात आणि बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. कापसाची छोटी पिशवी न्या आणि फुलवाती वळायला बसा. पेळू तिच्या तळहातावर ठेवा आणि स्वतः सुरुवात करा. सांगू नका, नुसतं करत राहा. पाच-सात मिनिटांनी तिची बोटं चालू होतात. कापूस विस्कटून गोल करायचा, टोक बोटांत धरून पीळ द्यायचा, दुधाचं बोट लावून टोक बसवायचं. जिला मुलीचं नाव आठवत नाही तिची फुलवात तुमच्यापेक्षा सरळ उभी राहते. वात वाकडी झाली तर सुधारायला जाऊ नका. मेथी निवडणं, मटार सोलणं, रुमालांच्या घड्या घालणं हेही चालतं. मात्र काहीही उचलून तोंडात घालायची सवय लागली असेल, तर कापूस, मटार आणि कच्चे दाणे बंद करून घड्यांवर यावं. बँकेत नोकरी केलेल्या बाबांना नोटांच्या आकाराच्या कोऱ्या कागदांची गड्डी द्या. ते अंगठा ओला करतील आणि मोजतील.

पाढे हा तर खजिना आहे. आज ऐंशीच्या पुढे असलेल्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही घोकलेले असतात. ‘बे एके बे’ तुम्ही म्हणा, ‘बे दुणे’वर थांबा. चार तिकडून येतं, आणि कधी कधी थेट बे दाहे वीसपर्यंत गाडी सुटते. हे पाठांतर सुरात आणि तालात झालेलं असल्यामुळे ते टिकतं. हरिपाठ, आरत्या, जात्यावरच्या ओव्या यांचंही तसंच. गाणी निवडताना तिच्या वयाच्या दहा ते तीस वर्षांतली निवडा, कारण त्या काळातल्या आठवणी सगळ्यात घट्ट असतात. जन्म १९४२चा असेल तर साधारण १९५२ ते १९७२. जुन्या गोष्टी काढायच्या तर १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हाची काढा. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया एका दिवसात शंभर नव्या पैशांचा झाला, आणि चार आण्यांचे पंचवीस ठीक, पण एका आण्याचे किती, यावर दुकानादुकानांत घोळ झाला. पुण्यातल्या माणसांपुढे १९६१च्या पानशेतच्या पुराचा विषय मात्र आपणहून काढू नये. तो काढला की काही जण तासभर त्या पाण्यातून बाहेर येत नाहीत.

मोगऱ्याचा गजरा नेताय? जरूर न्या. पण वास आला नाही तर खट्टू होऊ नका, कारण अल्झायमरमध्ये वासाची जाणीव फार लवकर जाते. गजरा तिच्या हातात द्या, फुलांचा गारवा आणि पांढरेपणा तिला कळतो.

खाऊबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चूक जिवावर बेतते. आजार मधल्या टप्प्यापुढे गेला की गिळण्याचं तंत्र बिघडतं. चिवडा, शेंगदाणे, फुटाणे, चिकट लाडू, डिंकाची वडी, बिया असलेली फळं नेऊ नयेत. चिवडा तर सगळ्यात वाईट, कारण त्यात कोरडे पोहे, कडक दाणे आणि बारीक भुगा एकत्र असतो. गुरगुट्या भात, मऊ शिरा, सोललेल्या चिकूचा किंवा पपईचा गर चालतो. डायबेटीस असेल तर आधी सिस्टरांना विचारा. पाठ सरळ नव्वद अंशांत, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा अर्धाच भरलेला, आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. गालात घास साठवलाय का ते बघा. खाताना खोकला आला किंवा नंतर आवाज घोगरा, ओलसर येऊ लागला, तर तिथेच थांबा आणि सांगा. अन्न श्वासनलिकेत उतरलं की न्यूमोनिया होतो, आणि या आजारात मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करू नये. पांढऱ्या ताटातला दहीभात तिला दिसतच नाही, त्यामुळे ती ‘काहीच वाढलं नाही’ म्हणते. गडद रंगाचं ताट द्या. पाण्यासाठी प्लॅस्टिकचा तोटीचा पेला पुढे केला तर तो कशासाठी आहे हे तिला उमगत नाही. घरचं फुलपात्र घेऊन जा, ते हातात आलं की ओठांकडे जातं. म्हातारपणी तहान जाणवत नाही, त्यामुळे दर भेटीत एक फुलपात्रभर पाणी गप्पा मारत घोट घोट पाजलं तरी मोठं काम होतं. पातळ पाणीही ठसकत असेल तर डॉक्टर ते दाट करून द्यायला सांगतात, मग साधं पाणी देऊ नये.

डोळ्यांनी आणि हातांनी तपासणी करायची ती गप्पांच्या ओघात. खोबरेल तेल कोमट करून हाता-पायांना लावा, प्रत्येक हाताला पाच मिनिटं. त्यात सगळं दिसतं. टाचा, घोटे, कमरेखालचं माकडहाड, खुब्याची हाडं इथे लाल डाग आहे का? बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. पांढरा पडतच नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा आणि त्याच दिवशी सिस्टरांना दाखवा. दंडावर बोटांचे निळे वळ, वाढलेली नखं, जिभेचा कोरडेपणा, कवळी ढिली झालीय का, चष्म्याची काच, हे सगळं बघा. श्रवणयंत्र कानात असतं पण त्याची बॅटरी संपलेली असते, हे इतक्या वेळा होतं की सांगता सोय नाही. तपकिरी पट्टीची ३१२ नंबरची बॅटरी जेमतेम आठवडाभर चालते, नारिंगी पट्टीची १३ नंबरची थोडी जास्त. एक पाकीट सिस्टरांकडे ठेवा. ‘आईने बोलणंच सोडून दिलंय’ याचं कारण कधी कधी नुसता कानातला मळ असतो.

वजन दर महिन्याला मागून घ्या. महिन्यात पाच टक्के उतरलं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो, तर ते वयामुळे म्हणून सोडून देऊ नये. मावशींना तीन गोष्टी विचाराव्यात. जेवण किती गेलं, पोट कधी साफ झालं, रात्री झोप किती झाली. दरडावून विचारलं की ‘सगळं ठीक’ एवढंच उत्तर येतं. बारा-बारा तासांची पाळी करणारी माणसं आहेत ती. आधी त्यांचं नाव, मग त्यांचा दिवस कसा गेला ते विचारा, खरी माहिती आपोआप मिळते.

आणि हे मात्र कधीच विसरू नका. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. परवापर्यंत बोलणारी, चालणारी आई आज एकदम ग्लानीत असेल, किंवा भलतीच बडबड, भास, उठून पळणं सुरू झालं असेल, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. असा तासा-दिवसांत होणारा बदल म्हणजे डिलिरियम, आणि त्यामागे बहुतेक वेळा बरं करता येण्यासारखं काहीतरी असतं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, पाणी कमी पडणं, पडल्यामुळे झालेली इजा, नवीन औषध. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनसुद्धा पुरतं. लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं फार वाईट बाधू शकतात. तसं निदान असल्यास फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून ठेवा, कारण रात्री बोलावलेल्या डॉक्टरांना ते कुणी सांगत नाही.

दुखतंय हे तिला सांगता येत नाही. डॉक्टर त्यासाठी पाच गोष्टी बघतात आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण देतात. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर शांत होते का. तुम्हालाही ते सहज बघता येतं. कूस बदलताना कपाळाला आठ्या पडतात का, मूठ आवळली जाते का, एवढं बघा आणि लिहून ठेवा.

कपड्यांचं थोडं. सोयीसाठी गाऊन घालतात, ते योग्यच आहे. पण जन्मभर साडी नेसलेल्या बाईला गाऊनमध्ये उघडं वाटतं, आणि मग ती चादर ओढून घेते, कपडे खेचते. खांद्यावर सुती ओढणी पदरासारखी टाका. आजोबांना टोपी द्या. सोन्याचं मंगळसूत्र घरी आणून काळ्या मण्यांची साधी पोत घाला, गळा रिकामा ठेवू नका.

परदेशातल्या मुलांसाठी. व्हिडिओ कॉल करायचा तर वेळ आईची पाळा, तुमची नव्हे. भारतातले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे साडेनऊ, ते छान जमतं. न्यूयॉर्ककडच्यांनी उन्हाळ्यात त्यांच्या सकाळी सातला करावा, तेव्हा इथे दुपारचे साडेचार असतात. पडद्यावर एकच चेहरा, पाठीमागे खिडकी नको, पाच ते सात मिनिटं, फोन मावशींनी तिच्या डोळ्यांसमोर धरलेला. बोलता आलं नाही तर गा.

शेवटच्या टप्प्यात बोलणं थांबतं. तेव्हाही जा. ती तुमचा हात किंवा केस घट्ट पकडते आणि सोडत नाही, तो राग नसतो. तान्ह्या बाळाच्या मुठीसारखी ती प्रतिक्षिप्त क्रिया परत आलेली असते. बोटं उपसून काढू नका, तिच्या हाताच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवा, मूठ आपोआप सुटते. ओठांना साजूक तूप लावा. बसून राहा.

‘आईला ठेवलंय तिकडे’ म्हणणारे नातेवाईक असतात. भारतात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त जणांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ सालच्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. दिवसाचे चोवीस तास एका सुनेने किंवा मुलीने एकटीने सांभाळावं असा हा आजार नाही. बोलणाऱ्यांना भेटीची वेळ सांगा आणि सोबत न्या.

निघायची तयारी आल्याबरोबर करायची. पर्स, हेल्मेट, गाडीची किल्ली ऑफिसात ठेवून आत जायचं, कारण हातात किल्ली दिसली की ती उठते. निघायची वेळ चहाशी किंवा जेवणाशी जुळवायची. मावशी कप घेऊन येतील, तिचं लक्ष कपाकडे जाईल, तेव्हा उठायचं. गळ्यात पडून लांबलचक निरोप नको, रडणं गाडीत. गुपचूप सटकायचंही नाही, त्याने ती शोधत फिरते. आपल्याकडे निघताना ‘जाते’ कुणी म्हणत नाही, तिनेच लहानपणी तसं म्हणू दिलं नसेल. खांद्यावर हात ठेवायचा, ‘आई, येते मी,’ एवढंच म्हणायचं, आणि ती कपात बिस्कीट बुडवत असताना दाराकडे वळायचं.